पाठीवरचा पिवळा डबा

आधीच सांगून टाकते — भूत, भानामती, करणी, उतारा यातलं मी काहीही मानत नाही. "मानत नव्हते" असं लिहा म्हणाल तरी लिहिणार नाही. आमच्या बौद्ध घरात हे चालत नाही, आणि त्यात मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित-विज्ञान शिकवून रिटायर झालेली बाई. तरुणपणी तर माझा तोरा विचारू नका... गावोगाव जाऊन भानामती कशी खोटी असते याचे प्रयोग दाखवायची. डोळ्यांना नंबर नव्हता, पण विद्वान दिसावं म्हणून साध्या काचेचा चष्मा लावायची. एकदा औंढ्याजवळच्या एका गावात पेटता कापूर जिभेवर ठेवला आणि त्याच तोंडानं "घाबरू नका, यामागे विज्ञान आहे" असं भाषण सुरू केलं. विज्ञान असं होतं की तोंडात कापूर असताना बोलायचं नसतं. जीभ चांगलीच भाजली. ती बरी होईपर्यंत वर्गातल्या पोरांची दिवाळी.

ती चष्मेवाली बाई हे वाचेल तर मला खुळी म्हणेल. म्हणू दे. तिला अजून पुढचं काही माहीत नव्हतं.

माझा मुलगा गौतम. तो गावातल्या लेकरांना विहिरीत पोहायला शिकवायचा. आमच्याकडची पद्धत तुम्हाला माहीत असेल — तेलाचा रिकामा चौकोनी डबा घ्यायचा, झाकण पक्कं बंद करायचं आणि तो लेकराच्या पाठीला बांधायचा. डबा तरंगतो, लेकरू तरंगतं. आमचा डबा गौतमनं खिडक्यांचा उरलेला पिवळा ऑइलपेंट लावून रंगवला होता. सुती दोरीनं काखेत काचतं म्हणून माझ्या जुन्या निळ्या लुगड्याच्या पट्ट्या फाडून त्यानं तो बांधायचा. गाठ कायम पाठीमागं, डब्याच्या वर. पुढं गाठ असली की घाबरलेलं पोरगं पाण्यात तीच सोडत बसतं.

खरी गंमत डबा सोडायच्या दिवशी. लेकरू अंग ताठ करायचं, श्वास कोंडून धरायचं — आणि ताठ झालेलं अंग बुडतंच. मग गौतम पाण्यात उभा राहिल्यासारखा तरंगत एक हात लेकराच्या हनुवटीखाली धरायचा आणि दुसऱ्या हाताची बोटं दाखवत मोजायचा, "एक... दोन... चार!"

"तीन राहिला की, गौतमदादा!" लेकरू ओरडायचं.

ओरडताना कोंडलेला श्वास सुटायचा, अंग ढिलं पडायचं, हनुवटीखालचा हात कधी निघाला ते कळायचंही नाही. लेकरू पोहायला लागलेलं असायचं. मी काठावर उभी राहून त्याला रागवायची, "अरे, मी वर्गात गणित शिकवते आणि तू इथं बिघडवून राहिला!" तो हसायचा. म्हणायचा, "आई, तुझं गणित जमिनीवरचं."

एका पावसाळ्यात कालव्याला पाणी सोडलेलं असताना मेंढपाळाची छोटी मुलगी त्यात पडली. गौतम विहिरीवरूनच येत होता, डबा हातात. त्यानं तशीच उडी मारली. मुलीपर्यंत पोचला, तिच्या पाठीला डबा बांधला, गाठ मारली — हे काठावरच्या लोकांनी पाहिलं. मुलगी खूप पुढं वाहत गेली, पण तरंगत. हाती लागली. आज ती लेकुरवाळी आहे.

गौतम दुसऱ्या दिवशी सापडला. पालथा. पाठ मोकळी.

त्याला आणलं तेव्हा मी तोंड पाहिलंच नसेल असं मला वाटतं, कारण आठवते ती फक्त पाठ. इतकी वर्षं झाली, डोळे मिटले की तीच दिसते. साऱ्या गावाच्या लेकरांना बांधला, आणि याच्या पाठीला बांधायला कुणी नव्हतं.

त्याची मुलगी प्रज्ञा तेव्हा कडेवर होती. सून माया नर्स, तिनं हिंगोलीच्या दवाखान्यात बदली मागून घेतली आणि आम्ही तिघी स्टेशनकडच्या बाजूला राहायला आलो. घरात एक गोष्ट न बोलताच ठरली — विहिरीचं नाव काढायचं नाही. तुझे बाबा एका मुलीला वाचवताना गेले, एवढंच प्रज्ञाला माहीत. डबा नाही, मोजणं नाही. तिला आम्ही बादलीत सुद्धा खेळू दिलं नाही.

आणि नशीब पहा — पोरगी हॉटेल मॅनेजमेंटला गेली, तिथून नोकरीला अंदमानला, आणि एक दिवस फोन, "आज्जे, मी स्कूबा डाइव्हिंग शिकून राहिले!" माया दोन दिवस जेवली नाही. मी तेवढी जेवले, कुणीतरी जेवायला पाहिजे ना.

पुढं ती डाइव्हमास्टर झाली. म्हणजे पोहता-बुडता येणाऱ्या पाहुण्यांना समुद्राखाली फिरवून आणायचं. मी शेजारणींना सांगायची, "आमची प्रज्ञा मासोळ्यांच्या गाडीची कंडक्टर आहे." पण तिला व्हायचं होतं इन्स्ट्रक्टर. नव्या माणसाला शिकवायचं तर इन्स्ट्रक्टरच लागतो. त्याशिवाय पुढची वाट नाही. त्याचा कोर्स असतो, परीक्षा असते — स्वतः किती छान बुडता याची नव्हे, दुसऱ्याला किती छान शिकवता याची. त्यात ती नापास झाली. परीक्षक म्हणाले, पाण्यात तू मासा आहेस, पण तुझ्यासमोर विद्यार्थी घाबरला की तू त्याच्याहून जास्त घाबरतेस. आणखी एक संधी आहे. नाही जमलं तर हा नाद सोड.

उन्हाळ्यात ती घरी आली. वारंगा फाट्यावरूनच फोन केला, "आज्जे, चहा टाक. आणि तयार राहा, तू माझी स्टुडंट आहेस."

मग काय विचारता! दुपारी माया ड्युटीला गेली की मी दिवाणावर मांडी घालून, डोळ्यांवर तो मोठा मास्क, तोंडात नळीचं तोंड. बाहेर अंगणात शेजाऱ्यांची हळद वाळत पडलेली, आणि आत आम्ही समुद्राच्या तळाला. पाण्याखाली बोलता येत नाही, सगळं हातानं. ती खूण करायची, ठीक आहे का? मी आपला अंगठा वर करायची, झकास!

"आज्जे! अंगठा वर म्हणजे 'मला वर न्या'. ठीक असेल तर बोटांचा गोल करायचा. तू सारखी मला वर चल, वर चल म्हणून राहिली!"

मी नळी काढून म्हटलं, "बराबर म्हणून राहिले मी. चल वर. कायमची."

ती हसली, मग हसायची थांबली. म्हणाली, "आज्जे, तू पण आईसारखी नको ना करू."

खरं सांगते, मनातून मी म्हणत होते, होऊ दे पुन्हा नापास. इथं बँकेत चिकटेल. सुखी राहील. एका कालव्यानं माझं घेतलं तेवढं बस झालं.

पण मास्तरीण होते ना... शिकवताना तिची चूक कुठं होते ते मला स्वच्छ दिसत होतं. मी मुद्दाम घाबरल्याचं नाटक केलं, श्वास कोंडून धरला. पाण्याखाली श्वास कोंडणं सगळ्यात वाईट, तिनंच शिकवलेलं. तर ती माझ्या डोळ्यांसमोर बोटं नाचवत कवायतीसारखं मोजायला लागली — एक, दोन, तीन, श्वास सोड. एक, दोन, तीन. माणूस आणखी ताठ होईल असं. माझ्या ओठावर आलं होतं, "बाळा, तिसरा गाळ." आलं, आणि गिळलं. सांगायचं तर विहीर सांगावी लागली असती, डबा सांगावा लागला असता. माझ्यानं झालं नाही. ती गेली. एसटी डेपोवर बस हलली तेव्हा तिनं खिडकीतून बोटांचा गोल करून दाखवला. मी अंगठा वर केला. तिनं कपाळावर हात मारला.

पुढं ती पास झाली. सुट्टी मिळताच घरी आली, आणि त्या दिवशी भरदुपारी स्वयंपाकघरात माझ्यासोबत शेंगा निवडत बसली असताना तिनं मला जे सांगितलं, ते जसंच्या तसं लिहिते.

"परीक्षेला मला इंदूरची एक काकू दिली होती. पहिल्यांदाच समुद्रात. खाली वाळूवर गुडघे टेकून बसवलं तिला, तळ जवळच, फार खोल न्हाई. मास्कमध्ये थोडं पाणी घेऊन काढून दाखवायचं होतं. पाणी आत गेलं आणि तिनं श्वासच धरला, आज्जे. डोळे असे. वर उसळायला लागली. मी जॅकेट धरलं, एक-दोन-तीन दाखवलं, तर ती आणखी ताठ. मला वाटलं, संपलं."

"मग?"

"मग उजवीकडून परीक्षक आले. म्हणजे मला वाटलं तेच. त्यांनी तिच्या हनुवटीखाली हात धरला — असा — आणि बोटं दाखवली. एक. दोन. चार."

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली.

"काकू बघतच राहिली. मग तिनं काय करावं? स्वतःची तीन बोटं काढून त्यांना दाखवली! चुकलात म्हणून! आणि हसली ती, आज्जे, पाण्याखाली... हे एवढे बुडबुडे सुटले तोंडातून. श्वास सुरू झाला. पुढचं सगळं तिनं मुकाट्यानं केलं. वर आल्यावर मी परीक्षकांना थँक्यू म्हणायला गेले, तर ते म्हणतात, मी तर तुझ्या मागं होतो, तूच तर शांत केलंस तिला, एकटीनं. मला वाटलं, सर मला मार्क देण्यासाठी असं बोलून राहिले. पण ती काकू बोटीवर नवऱ्याला सांगत होती — 'वो दूसरे वाले सर बड़े अच्छे थे, बस गिनती नहीं आती उनको.'"

ती हसायला लागली. मी विचारलं, "तोंड कसं होतं?"

"न्हाई दिसलं. वाळू उडाली होती. जाताना पाठ दिसली फक्त. आणि आज्जे, सिलिंडर असं विचित्र! चौकोनी. पिवळं. असं मॉडेल मी कुठं पाहिलं न्हाई. पट्टे पण कापडाचे, निळे... आज्जे? काय झालं? आज्जे, रडून काहून राहिली?"

त्या दुपारी मी तिला विहीर सांगितली. संध्याकाळी माया आली, तिला प्रज्ञानं समुद्रातलं सगळं सांगितलं. आम्ही तिघींनी बाबासाहेब आणि बुद्धांच्या फोटोसमोर मेणबत्ती लावून त्रिशरण म्हटलं.

आता माझ्यातली ती चष्मेवाली बाई गप्प बसेल काय! म्हणाली, पोरगी कडेवर असताना विहिरीवर नेत होता ना तो, तेव्हाचं काही डोक्यात राहिलं असेल. असेल. म्हणाली, घाबरल्यावर माणसाला काहीही दिसतं, प्रज्ञाच म्हणते की खूप खोल गेल्यावर नशा चढते. पण ते फार खोल नव्हते. आणि इंदूरच्या बाईला आमची विहीर कुणी दाखवली? तिनं तीन बोटं कुणाला दाखवली? चष्मेवाली आपली कापूर तोंडात असल्यासारखी बसली.

प्रज्ञा आता इन्स्ट्रक्टर आहे. घाबरलेल्या माणसासमोर चुकीचं मोजते, आणि तिचे विद्यार्थी तिला तीन बोटं दाखवतात. आता ती फोनवर खोटंखोटं रागावून विचारते, "वर येऊ का, आज्जे?" मी तिला म्हणते, "राहा खाली. ठीक आहे."

मला उत्तर पाहिजे ते दुसऱ्याच गोष्टीचं. मी ज्याला त्याला विचारत नाही, फक्त इथं लिहिते, तुमच्यापैकी कुणाला ठाऊक असेल तर सांगा. त्या डब्याची गाठ पाठीमागं असते, डब्याच्या वर. कितीही हुशार पोहणारा असला तरी ती स्वतःची स्वतःला मारता येत नाही. मी या वयात आरशासमोर हात मागं नेऊन पाहिले. नाही पोचत. दुसऱ्या माणसानं मागं उभं राहूनच बांधावी लागते.

मग माझ्या गौतमच्या पाठीला कुणी बांधला तो?