मापात बसणारं इंजिन

गल्लीत तिला सगळे मापमावशी म्हणत. तीस वर्षं तिने लोकांचे कपडे शिवले, पण स्वतःची हौस एकच होती: भावाने मागे ठेवलेली दोन सीटची, बिनटपाची, हलकीफुलकी जुनी स्पोर्ट्स कार. त्या गाडीच्या इंजिनाने अखेर मान टाकली आणि सुटे भाग कुठेच मिळेनात.

मेकॅनिकने एका मोठ्या गाडीचं नवं इंजिन सुचवलं. "दुप्पट ताकद, मावशी! गाडी वाऱ्याशी बोलेल."

मावशीने आधी त्या इंजिनाची मापं घेतली आणि दुकानात बसून तेवढंच पुठ्ठ्याचं इंजिन बनवलं. ते गाडीत ठेवलं, तर बॉनेट चार बोटं वरच राहिलं.

"त्यात काय? बॉनेट कापू," मेकॅनिक म्हणाला.

"कपडा बसत नाही म्हणून गिऱ्हाईक कापायचं का रे?"

मेकॅनिकने डोकं खाजवत मोठ्या इंजिनाचा नाद सोडला. मग दोघांनी भंगारबाजार पालथा घातला, तेव्हा मागून ठोकर बसलेल्या एका छोट्या गाडीचं तीन सिलिंडरचं इंजिन सापडलं. त्याचा पुठ्ठ्याचा नमुना अलगद आत बसला. शिवाय ते जुन्या इंजिनापेक्षा तीस किलोंनी हलकं होतं आणि ताकदीलाही सरस.

"शिलाई मशीनसारखा आवाज येईल हां," मेकॅनिक कुरकुरला.

"मग तर माझ्या ओळखीचंच!"

महिन्याभराने मावशीने त्याला शेजारी बसवून गाडी घाटात घातली. वळणामागून वळण गाडी लीलया घेत होती आणि मावशी लहान मुलीसारखी खिदळत होती. मेकॅनिकने दोन्ही हातांनी दार घट्ट धरलं होतं.

"मावशी, जरा हळू!"

"अरे, अजून तिसऱ्याच गिअरमध्ये आहे!"