शिडाची सुरकुती

शिडाच्या होड्यांच्या शर्यती सुलभाताईंनी वर्षानुवर्षं जिंकल्या, त्याही स्वतः शिवलेल्या शिडांवर. परवा खाडीकाठच्या त्यांच्या शेडमध्ये नवं शीड जमिनीवर पसरलं होतं. मधोमध मोठी सुरकुती होती. चादर सारखी करावी तशी मी तिच्यावरून हात फिरवला, तर ती सरकून दुसरीकडे वर आली.

"राहू दे गं," शिलाई मशीनवरून मान वर न करता ताई म्हणाल्या. "शिडाची प्रत्येक कापडी पट्टी कडेला गोलाई देऊन कापलीय मी. जमिनीवर सपाट बसलं, तर त्यात वारा कुठे राहणार?"

"आणि उद्याच्या शर्यतीत फसलं तर?"

"उद्या ते घेऊन मीच उतरतेय."

घरात सरळ न बसणाऱ्या माणसांवरूनही आपण असाच हात फिरवत राहतो, आणि त्याला माया म्हणतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाडीच्या तोंडाशी ताईंची होडी वळली आणि शीड टरारून फुगलं. सुरकुती शोधूनही सापडेना. बाकीच्या होड्या मागे पडत गेल्या. ताईंनी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

काठावर मी मघापासून वाऱ्याशी झगडत ओढणी सारखी करत होते. ती सोडून दिली.