टाकीत किती आहे?

आमच्या हँगरमध्ये सामान ठेवायला जागा नाही, पण किस्से भरपूर साठलेत. चहा आला की एखादा निघतोच. भाचीच्या बारशात मी एक सांगायला घेतला, तर पाहुण्यांतल्या दोन बायका सरकून माझ्याजवळ येऊन बसल्या आणि तिसरी उठून लांब गेली!

मी छोट्या खासगी विमानांची इंधनाची गेज बदलते. जुनी काट्याची गेज आणि गंजलेले सेन्सर काढायचे, नवे डिजिटल बसवायचे. नाशिकच्या बाहेर आमचं वर्कशॉप आहे. माणसं तीन. ज्यांच्या सहीशिवाय विमान हलत नाही ते खैरनार सर, हरसूलकडचे भोये मामा, ज्यांचं निम्मं आयुष्य पेट्रोलच्या कॅनशेजारी गेलंय, आणि मी, सुजाता. स्कूटरचा काटा खोटं बोलला तर माणूस ती ढकलत पंपावर नेतो. आमचा खोटं बोलला तर ढकलायला खाली रस्ताच नसतो. याची धास्ती मला रोज असते.

आणि एक सांगून ठेवते. आमच्या घरी भिंतीवर बावीस प्रतिज्ञा लावलेल्या आहेत. भूतबित मी मानत नाही. घडलं तेवढं सांगते.

* * *

काढलेली गेज आम्ही फळीवर ठेवतो. त्यांतलं एक जुनं, काचेला तडा गेलेलं. ना वायर, ना बॅटरी. एका सोमवारी मला दिसलं, काटा पाऊणवर आहे. मंगळवारी अर्ध्यावर. बुधवारी पाववर आला. मी काचेवर मार्करने खुणा केल्या आणि सरांना दाखवल्या.

"स्प्रिंग सैल झाली असेल," सर म्हणाले.

शुक्रवारी काटा शून्याला टेकला. शनिवारी सकाळी येऊन बघते तर पुन्हा फुल! मी गेज उचलून सरांच्या टेबलावरच आणून ठेवलं. सरांनी ते उलटंपालटं करून बघितलं आणि शांतपणे परत दिलं.

"उतरून टाकी भरून घेतली असेल त्याच्या पायलटने," म्हणाले.

* * *

गंगापूर रोडला डोळ्यांच्या एक डॉक्टर आहेत, आम्ही त्यांना मॅडमच म्हणतो. त्यांचं दोन सीटचं, एकाच टाकीचं छोटंसं विमान आमच्याकडे आलं होतं. त्यांच्या वडिलांचं वय अठ्ठ्याहत्तर. त्यांना चांदवडजवळचं आपलं गाव एकदा वरून बघायचं होतं.

"सुजाता, मला गोड बोलणारं गेज नकोय," मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या. "बाबा शेजारी बसणार आहेत. खरं सांगणारं दे."

त्यांना एक सवय होती. उडण्याआधी गेजच्या काचेवर नखाने दोनदा वाजवायच्या. टक, टक. काट्याच्या गेजला ते ठीक, काटा अडकला असेल तर सुटतो. पण नवा स्क्रीन बसवला तरी सवय जाईना. आम्ही फार चिडवायचो.

एकदा दुपारी मी आणि मामा डबा खात होतो. विमान समोरच, आत कुणी नाही. आणि आतून आवाज आला. टक, टक.

आम्ही दोघांनीही घास खाली ठेवला. मी मॅडमना फोन लावला.

"अगं, ओपीडीत आहे मी. पेशंटच्या डोळ्यात ड्रॉप्स घालतेय. काय झालं?"

"काही नाही मॅडम, सहज," म्हटलं. दुसरं काय म्हणणार!

* * *

विंचूरचे एक द्राक्षवाले शेठ. त्यांची तक्रार अशी, की एका ठरावीक ठिकाणावरून उडताना गेज फुलवरून थेट अर्ध्यावर येतं आणि पुढे गेलं की परत फुल. आम्ही सेन्सर बदलला, वायरिंग बदललं, गेजही बदललं. तरी तेच. शेवटी सर त्यांच्याबरोबर वर गेले. उतरल्यावर चेहरा जरा उतरलेला.

"शेठ, खाली काय आहे तिथे?"

"काय नाय हो. आमची जुनी विहीर हाय. बुजवलेली."

"का बुजवली?"

शेठनी घड्याळ बघितलं, गॉगल लावला आणि गाडीत बसले. पंधरा दिवसांनी त्यांचाच फोन. "साहेब, गेज एकदम ओके हाय! मीच आता वळसा घालून जातो!"

* * *

टाकीला आतून सीलंट लावतात, गळू नये म्हणून. चिकट, राखाडी लेप असतो. लांब ब्रशने लावायचा आणि सुकला की बारीक कॅमेरा आत सोडून तपासायचा. टाकीचं तोंड माझ्या मुठीएवढं.

एका टाकीत कॅमेरा सोडला आणि स्क्रीनवर लेपात उमटलेला पंजा दिसला. पाच बोटं, स्वच्छ. लहान मुलाचा असावा एवढासा.

"कारखान्यात टाकी जोडताना लागला असेल कुणाचा तरी हात," मी म्हटलं. माझं मलाच बरं वाटलं.

मामा स्क्रीनजवळ वाकले. "ताई, ह्यो लेप तर आपुनच लावलाय. मंगळवारी."

* * *

आता मॅडमच्या विमानाचं.

नवा सेन्सर बसवला की त्याला शिकवावं लागतं. टाकी पूर्ण रिकामी करायची, मग मोजून पाच-पाच लिटर ओतत जायचं. बाहेरचा माणूस ओततो आणि ओरडतो, "पाच!" आतला सेन्सरचं रीडिंग त्या आकड्यासमोर तक्त्यात भरतो आणि तोच आकडा उलट ओरडतो, "पाच!" उलट आकडा आल्याशिवाय पुढचं ओतायचं नाही. हा तक्ता गेजमध्ये भरला की गेज त्यावरूनच बोलतं.

त्या दिवशी ऊन लागू नये म्हणून विमानाच्या काचेवर कापड टाकलं होतं. मामा टाकीपाशी, मी आत बसणार. तेवढ्यात कुरिअरवाला आला म्हणून मी गेटवर गेले. वीसेक मिनिटं मोडली. परत आले तर मामा रिकामा कॅन पुसत होते.

"झालं ताई. नव्वद. टाकी फुल."

"झालं म्हणजे? आत कोण होतं?"

मामांचा हात थांबला. "तुमीच तर आतून बोलत व्हत्या. दर टायमाला. बाईमाणसाचा आवाज."

मी कापड ओढून काढलं. सीट रिकामी. लॅपटॉपवर तक्ता शेवटपर्यंत भरलेला.

टाकी रिकामी करून आम्ही सगळं पुन्हा केलं, या वेळी मी आत. मग सर स्वतः आत बसले आणि तिसऱ्यांदा केलं. आमचे दोन्ही तक्ते तंतोतंत जुळले. तो पहिला मात्र वीसच्या वरच्या प्रत्येक ओळीत वीस लिटर कमी सांगत होता. आमच्या वीसला आणि त्याखालच्या सगळ्याला तो म्हणत होता शून्य.

"पहिला फेकून देऊ या, सर," मी म्हटलं.

सरांनी तिन्ही तक्ते शेजारी ठेवले. म्हणाले, "दोन आकडे आले तर कमी सांगणारा ठेवायचा. वीस लिटर कमी समजून आजवर कुणी पडलेलं नाही." त्यांनी पहिलाच तक्ता भरला, मॅडमना तसं सांगितलं आणि सही केली.

रविवारी सकाळी मॅडम वडिलांना घेऊन निघाल्या. टाकीत पट्टी बुडवून मोजलेले पन्नास लिटर, गेजवर तीस. अर्ध्या तासाने चांदवडच्या अलीकडे गेज झपाट्याने उतरत दहावर आलं. घड्याळाच्या हिशोबाने टाकीत चाळीस, म्हणजे गेजवर वीस तरी हवे होते. वडील खाली बोट दाखवत होते, गाव आलंच होतं. मॅडमनी विमान वळवलं.

धावपट्टीवर टेकताना गेजवर शून्य होतं. आमच्या हिशोबाने म्हणजे वीस लिटर शिल्लक.

आम्ही टाकी उघडी केली. निघालं ते चहाचा अर्धा कप भरेल एवढंच. सेन्सरचा तरंगता गोळा आत अडकून बसला होता, बरोबर आम्ही 'वीस' लिहिलं होतं तिथेच. आमचा तक्ता भरला असता तर टाकी कोरडी झाली तरी गेज वीसच दाखवत राहिलं असतं. आणि टाकीच्या झाकणाचा रबर तडकलेला. वरून वाऱ्याने पेट्रोल ओढून नेलं होतं. नवा सेन्सर बसवण्याच्या नादात जुना रबर मीच तसाच ठेवला होता. मी तिथेच खाली बसले आणि रडले. लाज वाटली, आणि भीती तर अजून गेलेली नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडम पेढ्यांचा बॉक्स घेऊन आल्या. बरोबर वडीलही होते, काठी टेकत.

"तो तक्ता भरणारी कोण गं?" वडिलांनी मला विचारलं. "पहिला पेढा तिला द्यायचाय, माझ्या हाताने."

सर माझ्याकडे बघायला लागले, मी मामांकडे. मामांनी हात धुतले, विमानाचं दार उघडलं आणि आजोबांना हाताला धरून रिकाम्या सीटपाशी नेलं.

"इथं ठेवा, बाबा," म्हणाले.