पूर्ण जुना जालना मला मिळणार होता

मी सगळ्यात जास्त देणं लागतो ते परतूरच्या ज्युनिअर कॉलेजातल्या आमच्या बुककीपिंगच्या सरांचं. दहावीनंतर वडील मला जिनिंग फॅक्टरीत लावायला निघाले होते. जागासुद्धा ठरली होती. माझे गणिताचे मार्क कुणाकडून तरी ऐकून सर सायकलवर घरी आले, ओट्यावर बसले आणि वडिलांना म्हणाले, "पोराला कॉमर्सला घालता का, ते सांगा. तवर मी चहा घेत न्हाई." आईनं तीन वेळा चहा गरम केला. तिसऱ्या वेळी वडील म्हणाले, "घाला बाबा कुठं घालायचं तिथं, पण चहा घ्या, साखर वाया चालली." आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर असा साखरेच्या काळजीतून तयार झाला.

आज जुन्या जालन्यात एका कापड दुकानाच्या वर माझं ऑफिस आहे. मी लोकांचे इन्कम टॅक्सचे आणि जीएसटीचे रिटर्न भरतो. लोक मला सीएसाहेब म्हणतात. मी सीए नाही, एम.कॉम. आहे. पहिली दोन वर्षं मी प्रत्येकाला हे समजावून सांगितलं. लोक शांतपणे ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "बराबर हाय सीएसाहेब." मग मी नाद सोडला.

गेल्या वर्षी सर रिटायर झाले. रिटायर माणसाच्या मोबाइलवर कोणकोणत्या जाहिराती येतात, याची मला तेव्हा कल्पना नव्हती. एका सकाळी त्यांचा फोन आला, "जल्दी परतूरला ये, तुझं काम झालंय." माझं काही काम अडलेलं नव्हतं, तरी मी गेलो. सरांनी समोर एक गुळगुळीत माहितीपत्रक ठेवलं.

"रिटर्न भरायची कंपनी हाय. मोठ्या शहरांत शाखा हायेत. आता जिल्ह्यात देऊन राह्यलेत. फ्रँचायझी म्हणतात. नाव त्यांचं, पाटी त्यांची, बसायचं आपण."

"सर, पण मी आत्ताही बसतोच आहे."

"बसतो, पण कसा बसतो? खुर्चीला उशी बांधून! तिथं काचेची केबिन मिळंल. आणि पैशाचं तू बघू नको. माझे रिटायरमेंटचे पैसे बँकेत पडलेत. नुसते पडून काय करून राह्यलेत?"

इथंच मी नाही म्हणायला पाहिजे होतं. पण सरांसमोर बसलो की माझ्या तोंडून "होय सर" एवढंच निघतं. आजवर त्याचा मला फायदाच होत आला होता, म्हणून ही खोड दुरुस्त करायची कधी वेळ आली नव्हती. तेव्हा सरांच्या आयुष्यभराच्या पगारातून उरलेलं जे काही होतं, ते माझ्या "होय सर"वर पणाला लागलं.

कंपनीचा कार्यक्रम एका मंगल कार्यालयाच्या एसी हॉलमध्ये होता. भर मे महिन्यात कोट घातलेला एक तरुण अधिकारी स्टेजवर आला आणि म्हणाला, "आम्ही रिटर्न विकत नाही, आम्ही मनःशांती विकतो." जिल्ह्यातल्या झाडून सगळ्या कर सल्लागारांनी टाळ्या वाजवल्या. यातल्या प्रत्येकाला जुलै महिन्यात झोपेची गोळी लागते, हे मला माहीत होतं. मीही वाजवल्या. मग त्यानं आमच्यात किती जण घरातले पहिले पदवीधर आहेत, असं विचारलं. निम्म्याहून जास्त हात वर झाले. "आता मालकही पहिले तुम्हीच व्हा," तो म्हणाला. माझ्या शेजारी सरांनी रुमाल काढला. मला वाटलं घाम पुसताहेत. ते डोळे पुसत होते.

जेवणाच्या वेळी तो अधिकारी पनीरची ताटली हातात घेऊन आमच्याकडे आला.

"सर, तुम्हाला पूर्ण जुना जालना देतो. एक्स्क्लुसिव्ह. अंबड गेलं. परतूरला दोन पार्ट्या लाइनमध्ये आहेत. पण जुना जालना मी तुमच्यासाठी होल्डवर ठेवलाय."

निजामानंतर जुना जालना असा कुणी कुणाला देऊ केला नव्हता. दोन मोटारसायकली समोरासमोर आल्या तर ज्या गल्लीत एकीला उलटं जावं लागतं, ती गल्लीसुद्धा त्यात होती. धान्याची दुकानं, कापडाची दुकानं, हमालांच्या गाड्या, सगळं. मी अधिकाऱ्याला म्हणालो, "आपले फार उपकार झाले." खरंच म्हणालो. आम्हाला कुणी काहीही द्यायला निघालं की आम्ही आधी आभार मानतो, वस्तू काय आहे ते नंतर बघतो.

आभार मानले म्हणजे सौदा पक्का, असं कंपनीनं धरलं. आठवड्याभरात तोच अधिकारी "एक दिवसाचा अनुभव" द्यायला माझ्या ऑफिसात हजर झाला. सोबत टॅब आणि बत्तीस इंची टीव्ही. टीव्ही भिंतीवर असा लावला, की बाकावर बसलेल्या कुणालाही दिसावा. गिऱ्हाइकाचं रिटर्न त्याच्या डोळ्यांसमोर तयार झालं पाहिजे, याला कंपनीत पारदर्शकता म्हणत होते. सर परतूरहून इस्त्रीचा सफारी घालून आले आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले.

आमच्या धंद्याची रीत सांगतो म्हणजे पुढचं कळेल. आमच्याकडे कुणी कुणाला "तुमचं उत्पन्न किती?" असं विचारत नाही. गिऱ्हाईक येतं, पाऊसपाण्याचं बोलतं, कापसाचा भाव सांगतं, भावकीला शिव्या देतं आणि जाताना कागदांची पिशवी टेबलाखाली सरकवून जातं. आकडा मी पिशवीतून काढायचा आणि त्याला कागदाच्या कोपऱ्यावर पेन्सिलीनं लिहून दाखवायचा. तो मान हलवतो. मी खोडतो. तोंडानं आकडा कुणीच उच्चारत नाही.

त्या दिवशी पहिले आले ते खालच्या कापड दुकानाचे मालक. त्यांच्याबरोबर अंबडहून आलेले त्यांचे व्याही होते. लेकीचं लग्न होऊन चारच महिने झाले होते. आपला सीए कसा आहे हे व्याह्यांना दाखवावं म्हणून ते त्यांना मुद्दाम जिना चढवून घेऊन आले होते. आमच्या भागात व्याह्याला इवाई म्हणतात, आणि इवायापुढं माणूस नेहमीपेक्षा दोन बोटं उंच चालतो.

"नमुन्याला एखादं रिटर्न लागेल," अधिकारी म्हणाला.

"मंग आमचंच घ्या की!" दुकानदार व्याह्यांकडे बघत म्हणाले. "आपल्यात काय लपवायचंय?"

मी डोळ्यांनी खुणावून पाहिलं. त्यांनी ओळखलं नाही. त्यांचं गेल्या वर्षी भरलेलं रिटर्न माझ्या कॉम्प्युटरवर होतं आणि टॅब त्याला जोडलेला होता. अधिकाऱ्यानं टॅबवर दोन-तीन ठिकाणी बोट लावलं आणि भिंतीवर दुकानदारांचं नाव आलं. त्याखाली त्यांचं वर्षाचं निव्वळ उत्पन्न. एखाद्या शाळेतल्या शिपायाला लाज वाटावी इतकं.

व्याह्यांनी खिशातून चष्मा काढला, पुसला, लावला.

"इवाई," ते म्हणाले, "हे वर्षाचं हाय की महिन्याचं?"

दुकानदारांनी माझ्याकडे पाहिलं. मी कीबोर्डकडे पाहिलं. बिचारे अशा जागी अडकले होते, की आकडा खरा म्हणावा तर लग्नाच्या बैठकीत मारलेल्या बाता खोट्या ठरत होत्या, आणि बाता खऱ्या म्हणाव्यात तर सरकारला सांगितलेलं खोटं ठरत होतं.

"हे नमुन्याचं असंल," ते कसेबसे म्हणाले.

"नाही सर, तुमचंच आहे," अधिकारी उत्साहानं म्हणाला. "हा बघा पॅन. वडिलांचं नावपण बरोबर आहे."

"मंग बैठकीत सांगितलं ते काय व्हतं?" व्याह्यांनी विचारलं.

"व्यापाराचा हिशोब येगळा असतोय, इवाई. बाहेरच्या माणसाला समजत न्हाई."

"आमचं बी दुकानच हाय. अंबडला. कापडाचंच."

तेवढ्यात कोपऱ्यातून सर कौतुकानं म्हणाले, "याला म्हणतात पारदर्शकता!"

व्याही बस पकडायला निघून गेले. दुकानदार खाली जाऊन गल्ल्यावर बसले. संध्याकाळपर्यंत गल्लीतले चार जण येऊन आपापल्या पिशव्या परत घेऊन गेले. एकानं जाताना विचारलं, "ते सिनेमाचं थेटर कवा काढणार?" मला हसू आलं, पण फार वेळ टिकलं नाही. तो आकडा मीच टाइप केला होता. जेवढे कागद येतात तेवढंच मी लिहितो, असं मी स्वतःला इतकी वर्षं सांगत आलो होतो. त्या दिवशी ते वाक्य भिंतीवर बत्तीस इंची होऊन लटकलं होतं.

सरांचं मत मात्र बदललं नाही. "गिऱ्हाइकाला सवय न्हाई, सवय लागंल. मी पुढच्या रविवारी चेक लिहितो."

"होय सर," मी म्हणालो.

रविवारच्या आधी मी करार वाचायला घेतला. करार पाच वर्षांचा होता आणि अनामत रक्कम परत मिळणार नव्हती. सगळी गिऱ्हाइकं कंपनीची मानली जाणार होती, मी पंधरा वर्षं सांभाळलेलीसुद्धा. आणि मी शाखा सोडली, तर पुढची तीन वर्षं जालना जिल्ह्यात मला हा व्यवसाय करता येणार नव्हता. मी अधिकाऱ्याला फोन केला.

"सर, ती स्टँडर्ड अट आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे सगळ्यांनाच असते." मला आता बरं वाटेल, अशा आवाजात तो म्हणाला.

शनिवारी मी परतूरला गेलो, तोंडावर नाही म्हणायचं ठरवून. तर काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, गल्लीत सांगून झालं होतं. शेजारच्या बाईंनी दारातूनच माझं अभिनंदन केलं. सरांनी माझ्या नव्या व्हिजिटिंग कार्डाचा कागद पुढं केला. माझ्या नावाखाली इंग्रजीत मालक असं लिहिलं होतं.

"आयुष्यभर पोरांना दुसऱ्याचे जमाखर्च लिहायला शिकवलं," सर म्हणाले. "एक तरी मालक झाला पाहिजे का नको?"

मी कार्ड छान आहे म्हणालो. पोहे खाल्ले. मधेच अटीचं बोललो, तर सर म्हणाले, "तू सोडणारच कशाला?" मी पुन्हा "होय सर" म्हणालो आणि गाडीत बसलो. चेक मात्र या रविवारी घेत नाही, एवढंच कसंबसं जमवून आलो. गाडीतच ठरवलं, की तोंडाला जमत नसेल तर हाताला सांगायचं. त्याच आठवड्यात हे पत्र लिहून टपालानं पाठवलं.

आदरणीय सर,

हे पत्र पूर्ण वाचल्याशिवाय मला फोन करू नका. फोनवर मी पुन्हा होय म्हणेन.

मी फ्रँचायझी घेत नाही. तुमचा चेकही घेणार नाही. कंपनीला तसं लेखी कळवलं आहे, म्हणजे मला आता मागं फिरता येणार नाही. पूर्ण जुना जालना त्यांनी दुसऱ्या कुणाला तरी द्यावा.

तुम्ही म्हणता, एक तरी मालक झाला पाहिजे. मी करार दोनदा वाचला. त्यात मालक हा शब्द माझ्यासाठी कुठंच नाही. मला तिथं सेकंड पार्टी म्हटलं आहे. पैसे तुमचे, गिऱ्हाइकं माझी, आणि पाच वर्षांनी दोन्ही त्यांची. वर मला जिल्ह्याबाहेर जायला सांगणार. अशी नोंद मी परीक्षेत केली असती, तर तुम्ही पेपर माझ्या तोंडावर फेकला असता.

दुसरी गोष्ट लिहायला जड जाते. त्या दिवशी टीव्हीवर तुम्ही जे पाहिलंत त्याचं कौतुक करू नका. तो आकडा खोटा होता आणि तो मी भरला होता. यंदा मी स्वतः खाली जाऊन कापडाचे तागे मोजणार आहे. मालक मोजू देणार नसतील, तर त्यांनी दुसरा माणूस बघावा, असं त्यांना सांगून आलो आहे. ते दोन दिवस बोलले नाहीत. आज मुनीमाकडून निरोप आला, सोमवारी या म्हणून. गेलेल्या चार पिशव्यांपैकी एक परत आली आहे. तीन येतील असं दिसत नाही.

काकूंना गल्लीत काय सांगायचं हा प्रश्न पडेल. माझं नाव सांगा. तो भित्रा निघाला म्हणा, मला चालेल.

सोबत पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा फॉर्म जोडला आहे. तुमचे पैसे तिथं ठेवा, दर तीन महिन्यांनी व्याज मिळेल. मी सगळं भरून ठेवलं आहे. जिथं सही करायची तिथं पेन्सिलीनं फुली मारली आहे. दोन फोटो आणि आधारची झेरॉक्स न्या. वारस म्हणून तिथं तुम्ही माझं नाव घालाल, अशी मला शंका होती, म्हणून काकूंचं नाव मीच शाईनं लिहून टाकलं आहे.

आपला,
या एका वेळेस आज्ञा न पाळलेला विद्यार्थी