तेल प्यायलेली बॅट

अ‍ॅल्युमिनियमची बॅट लाड करते. चेंडू टोकाला लागो नाहीतर मुठीजवळ, टण्णकन वाजतो आणि जातोच. लाकडी बॅट असलं काही चालवून घेत नाही. नेमक्या जागी बसला तरच ठक्, नाहीतर कोपरापर्यंत झिणझिण्या. मी सगळं बेसबॉल धातूच्या बॅटने खेळले आणि स्वतःला फार भारी समजत होते.

मग सरांनी सांगितलं, राज्य संघाच्या निवडचाचणीला फक्त लाकडी. वयात बसणारी माझी ही शेवटची चाचणी. संघात आले असते तर खेळाडूंच्या कोट्यातून सरकारी नोकरीला उभी राहिले असते. नाहीतर मॉलमध्ये कपड्यांच्या घड्या घालणं चालूच होतं. एक जुनी लाकडी बॅट मिळवली आणि मुर्ध्याला, खाडीकाठच्या आमच्या घरी आणली.

बाबांनी तिच्यावर नख ओढून बघितलं. "सुकलीय गो बाय. अशी ठेवलीस तं फुटंल." जन्म होडीवर गेलेला. लाकूड दिसलं की तेल पाजायचं, एवढंच त्यांना ठाऊक. मी कामावर असताना होडीचं माशाचं तेल चोपडलं, उन्हात ठेवली, परत चोपडलं. चाचणीच्या आदल्या संध्याकाळी हातात दिली, तर ओल्या ओंडक्यासारखी जड! "आता पानी न्हाय शिरनार." अरे देवा, मी काय समुद्रात खेळणार होते? पण ते इतके खूश होते की मी बॅट तशीच पिशवीत भरली.

मैदानावर दुसऱ्या एका मुलीची बॅट मागितली. ती नाक दाबून म्हणाली, "पहले हाथ धो के आ." तेवढ्यात माझा नंबर लागला. बॅट उशिरा फिरत होती, मूठ निसटत होती. एकच चेंडू लागला, तोही मुठीजवळ. धातूची असती तर तोसुद्धा गेला असता. हा पायापाशीच पडला. मला घेतलं नाही.

घरी बाबांनी आधी बॅट बघितली. "फुटली न्हाय ना? बघ!"

राग आला, रडूही आलं. कुणावर काढू?

खाडीत मासळी राहिली नाही, होडी गेल्या वर्षी भंगारात गेली. मी अजून घड्याच घालतेय. बाबा मात्र पावसाळ्याआधी बॅट काढून तेल लावतात. माझं वय गेलंय, हे कितीदा सांगितलं. "माहीत हाय," म्हणतात आणि चोळत राहतात. तेल लावायला घरात आता तेवढंच लाकूड उरलंय.