आवळलेला आरसा

रात्री आठ वाजून दहा मिनिटांनी लिफ्टचा फिटर गच्चीवर दुर्बिणीपाशी गुडघे टेकून बसला होता. तिचा आरसा त्याने दोन वर्षं खपून स्वतः घासला होता. पण फोटोतला प्रत्येक तारा तिकोनी येत होता, आणि प्रदर्शनासाठी फोटो आज बाराच्या आत पाठवायचा होता.

"बाबा, आरशाच्या पकडी तुम्हीच आवळल्यात ना?" कॅमेरा सांभाळणाऱ्या मुलीने विचारलं.

"मग? एकवीस वर्षांत माझा एक स्क्रू ढिला निघालेला नाही."

"तेच तर. गळा आवळलाय तुम्ही त्याचा. काच दबली की तारे असेच येतात."

त्याने तोंड वाकडं केलं, पण तिन्ही स्क्रू सैल केले, पकडीखालून कागद सरकेल इतके. आरशाची दिशा पुन्हा नीट जुळवण्यात पाऊण तास गेला. पुढच्या फोटोत तारे गोल आले, अगदी कोपऱ्यांतलेसुद्धा. म्हणजे घासण्यात काही खोट नव्हती.

मुलीने फोटोखाली लिहिलं, 'आरसा घरी घासलेला.'

"मोठ्याने वाच," तो म्हणाला. तिने वाचलं. त्याने पुन्हा वाचायला लावलं.

फोटो अकराला गेला. उद्या सकाळी सातला रुग्णालयाच्या लिफ्टची मासिक तपासणी आहे, आणि ती तोच करणार आहे; तिथले स्क्रू मात्र घट्टच आवळायचे.