ससेमिरा आणि माझा घसा

चौथीत असताना गुरुजींनी फळ्यावर 'ससेमिरा' हा शब्द लिहिला आणि वाक्यात उपयोग करा म्हणाले. सगळ्यांच्या आधी माझा हात वर. "आमच्या गावात शिमग्याला ससेमिरा असतो, पण तो सगळ्यांना पुरत नाही."

गुरुजी आधी पोट धरून हसले, मग त्यांनी माझा कान पिळला. ससेमिरा म्हणजे एखाद्याचा जीव नकोसा होईपर्यंत त्याच्या मागे लागणं, असं त्यांनी समजावलं. मी मनात म्हटलं, बिचारे बाहेरगावचे, यांना काय ठाऊक! सशाच्या मागे लागतात तो ससेमिरा. इतकं सरळ असताना शाळेत कशाला शिकवायचं?

अक्कल नव्हती, पण घसा होता. शेणव्याकडच्या आमच्या डोंगरावर शिमग्याच्या आधी सशांच्या शिकारीचा हाका निघायचा. आता त्याला बंदी आहे, आणि बरं झालं. एका बाजूला जाळं लावायचं, आणि उरलेल्या बाजूंनी माणसं डबे बडवत, बोंबलत पुढे सरकायची. पोरींना नेत नसत, म्हणून मी भावाची चड्डी चढवून गेले होते. अशी बोंबलले, अशी बोंबलले, की झुडपातून निघालेला ससा जाळ्यापर्यंत पोचलाच नाही. मध्येच बसला. चारी बाजूंना एकदा बघितलं आणि आडवा झाला. बापाने त्याला कानाला धरून उचललं, उलटापालटा केला. "काठी एक नाय लागली याला," तो म्हणाला. "नुसत्या आवाजाने मेला." मग माझ्याकडे बघून हसला, "आमच्या पोरीचा घसा हाय तो!" त्या दिवशी मी दोनदा रस्सा मागून घेतला. छाती ही अशी फुगलेली.

हे सगळं आता सांगायचं कारण माझी नात.

ती औषधांचं शिकली आणि मुरबाडकडच्या एका कारखान्यात लागली. रोज जीपने जाते. इंजेक्शन बाजारात जायच्या आधी ते टोचल्यावर ताप भरत नाही ना, हे बघावं लागतं. त्यासाठी तिथे ससे ठेवलेत. सशाला लाकडी खोक्यात बसवतात, मान तेवढी बाहेर. कानाच्या शिरेत औषध सोडतात आणि दोन-तीन तास त्याचा ताप मोजत बसतात. पहिल्या आठवड्यात पोर घरी येऊन जेवत नव्हती. नंतर जेवायला लागली, पण वहीत काहीबाही लिहायची. म्हणाली, "आजी, काही औषधांची हीच तपासणी आता काचेच्या नळीत होते. सगळ्यांची नाय, पण काहींची होते. तरी आमी ससेच वापरतो. का, तर सवय."

"मग सांग की त्यांना."

"तेच लिहितेय." सहा महिने खपून तिने अर्ज तयार केला. कोणत्या औषधाला ससा लागत नाही, याची यादी जोडली. सोमवारी साहेबांनी तिला बोलावलं होतं.

त्याच्या आधीच्या बुधवारी बचत गटाच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. डोक्याला टोपी, तोंडाला फडकं, अंगात पांढरा कोट, अशी एक बाई. समोर खोक्यात ससा. आणि बाई हसतेय! खांदे हलवून हसतेय. खाली कोणीतरी लिहिलेलं, हसत हसत मारते.

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली! चष्मा लावायला वेळ कुणाला होता? बटण दाबून धरलं आणि घसा मोकळा सोडला. "ही बाई नाय, हडळ हाय हडळ! हिची मान खोक्यात अडकवा नि मग बघा हसते का!" बायकांना पाठवलं, माहेरच्या ग्रुपला पाठवलं, भजनी मंडळाला पाठवलं. लगेच बदाम यायला लागले. लाल बदाम, हसरी तोंडं, टाळ्या. 'आजी, एकदम बरोबर बोललात.' दोन दिवस मी घरात नुसती मिरवत होते. शुक्रवारपर्यंत कोणीतरी माझा आवाज त्या व्हिडिओलाच चिकटवला, आणि तो तालुकाभर फिरला. मला वाटलं, वा, म्हातारपणी नाव काढलं!

कौतुकाच्या नादात एक गोष्ट माझ्या लक्षातच आली नाही. पोर शुक्रवारी कामाला गेली नव्हती. शनिवारी ताटावरून उठली. फोन उशीखाली ठेवून भिंतीकडे तोंड करून पडली होती.

खोदून खोदून विचारलं तेव्हा बोलली. त्या व्हिडिओतली बाई तीच होती; कामावरच्या एकाने तो काढला होता आणि गंमत म्हणून स्टेटसला टाकला होता. गळ्यातल्या ओळखपत्रावरून कोणीतरी तिला शोधून काढलं. आता तिला सगळीकडे 'ससेमारी' म्हणतात. शाळेतले जुने फोटो काढून त्यावर सशाचे कान चिकटवतात. अनोळखी माणसं फोन करून शिव्या घालतात.

"आणि हसत का होतीस गो?"

"ससा शिंकला, आजी. सुई टोचलीच नव्हती अजून. शिंकला नि स्वतःच दचकला."

मी पेटले, स्वतःचं बोलणं विसरूनच. "आण तो फोन. कोण मेला बोलतो माझ्या नातीला, त्याची जीभच उपटते!"

"नको, आजी."

"दे म्हणते ना!"

फोन हिसकावला आणि दिसलं तिथे बोट दाबलं. खोलीत माझाच आवाज घुमला. ही बाई नाय, हडळ हाय हडळ!

खाली लोकांच्या ओळी. ससेमारी, तुझी मान खोक्यात घालू. ससेमारी, कधी अडकवायची मान? जो तो माझंच वाक्य घेऊन तिच्या अंगावर धावत होता. वाक्य मी शिवून दिलं होतं, त्यांनी नुसतं अंगात घातलं.

"तू ओळखलंस?"

"पहिल्याच शब्दाला."

"मग बोलली का नाय मला?"

"तू खूश होतीस ना. लोक बदाम पाठवत होते."

एवढी मोठी झाले, सासू सोसली, दोन बाळंतपणं शेतात काढली, पण असा मार कधी बसला नव्हता.

राग मात्र गेला नाही, उलट दुप्पट झाला. त्या ओळी लिहिणाऱ्यांत एक कोंबड्यांच्या दुकानाचा मालक होता. त्याच्याकडे एका जाळीत वीस-वीस कोंबड्या एकमेकींच्या पायांवर उभ्या असतात. त्याला सशाची दया! एक बाई होती, जिच्या लेकाला मागच्या वर्षी कुत्रा चावला तेव्हा सुईसाठी शहापूरला धावत गेली. ती सुई कोणाच्या कानावर तपासली, हे तिने विचारलं का? आणि मी? रोज सकाळी साखरेची सुई पोटाला टोचते ती मी? नातीला विचारलं, "माझ्या सुईसाठी पण ससे बसवले असतील?"

"बसवले असतील, आजी. कधीतरी."

खोटं बोलली असती तर बरं वाटलं असतं. सुई मला हवी, ताप नको, आणि खोक्यातला ससाही बघवत नाही. याचं उत्तर मला ठाऊक नाही. पण गरज नसताना एकही ससा त्या खोक्यात बसवणं हरामखोरी आहे, एवढं मला कळतं. आणि ते बोलायला जी एकटी पोर निघाली होती, तिलाच आम्ही सगळ्यांनी मिळून घेरलं.

मी प्रत्येक ग्रुपला पुन्हा आवाज पाठवला. "ती माझी नात हाय. हडळ म्हटलं ती मी. चूक माझी. व्हिडिओ पुसा." बदाम एकही आला नाही. 'नात निघाली म्हणून आजी फिरली,' असं एकीने लिहिलं. कोणीतरी माझ्या माफीला शेळीचं बेंबें जोडून पाठवलं. दोघींनी पुसला. दोघींनीच.

रविवारी नात म्हणाली, "उद्या नाय जात मी. अर्ज राहू दे."

"मी येते बरोबर. फाटकापर्यंत."

तिने अर्ज परत पिशवीत ठेवला. मग म्हणाली, "जीपमध्ये गप्प बसशील?"

"बसेन."

सोमवारी सरळगावच्या पुढे मागच्या सीटवरच्या एका बाईने फोन काढून शेजारणीला दाखवला. भर जीपमध्ये माझा आवाज. बाई च्च च्च करत म्हणाली, "हीच गो ती ससेमारी. हिला तर..."

माझी शपथ तिथेच संपली. वळले आणि तोच घसा सोडला. "पुढचं मी बोलते, ऐक! आवाज माझा हाय नि पोर माझी हाय! तुझं तोंड..." आवाज ओळखून जीप गार झाली. आणि मग काय, सगळेच त्या बाईवर उलटले. ड्रायव्हर म्हणाला, लाज वाटत नाय का बाई. पुढचे दोघे तिला वाटेल ते बोलायला लागले. "उतरवा हिला! व्हिडिओ काढा हिचा!" कोणीतरी खरंच फोन समोर धरला. बाईने पदर तोंडावर ओढला. मला भारी बरं वाटत होतं. आणखी एक शिवी जिभेवर आलीच होती.

नातीने माझ्या तोंडावर हात ठेवला.

"पुरे, आजी. हिचाही हाका नको."

मी तोंड मिटलं. फोन धरणाऱ्याला तीच म्हणाली, "पुसा ते, काका. माझ्यासमोर पुसा." त्याने पुसलं. बाईने पदराआडून आपला फोनही पुढे केला. नातीने तिच्या डोळ्यांदेखत व्हिडिओ पुसला आणि फोन तिच्या मांडीवर परत ठेवला.

फाटकाशी उतरून पोर अर्जाचा कागद छातीशी धरून आत गेली. मागे वळून बघितलं नाही. संध्याकाळपर्यंत मी फाटकाशीच बसून राहिले. बाहेर येऊन तिने सांगितलं, यादीतल्या एका औषधाला साहेब हो म्हणाले. बाकीच्यांचं बघू. व्हिडिओ अजून फिरतोच आहे, आणि त्यावर आवाज माझाच आहे.

परत येताना तोच ड्रायव्हर होता. "काय आजी, सकाळी केवढा आवाज, आता एकदम गप्प?"

"घसा बसलाय रे," मी म्हटलं. बसला नव्हता.